मधला आवाज

आमच्या घरात टीव्हीचा आवाज साठावर असायचा. रिमोटचे बटण दाबले की पडद्याच्या तळाशी एक पट्टी उमटते आणि तिच्या टोकाला आकडा दिसतो, तो साठ. इतर घरांत हा आकडा पंधरा-वीसच्या पुढे जात नाही हे मला फार उशिरा, म्हणजे शिकवण्यांच्या निमित्ताने चार घरांचे उंबरे ओलांडल्यावर कळले. तोवर टीव्ही साठावरच ऐकायचा असतो अशी माझी प्रामाणिक समजूत होती. भिंतीपलीकडच्या काकूंची मात्र तशी समजूत नव्हती. रात्रीच्या बातम्या सुरू झाल्या की पाचव्या मिनिटाला भिंतीवर लाटण्याचे तीन ठोके पडत. आई आवाज चाळिसावर आणी. मग आबा विचारत, "काय म्हणतंय ते?" आणि आकडा पुन्हा साठावर जाई. पुन्हा लाटणे. असा हा तिघांचा खेळ कित्येक वर्षे चालला होता आणि त्यात कोणाचे काही चुकते आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

गेल्या आषाढात आईची भिशी लागली. दहा हजार रुपये एकरकमी हातात येण्याचा प्रसंग आमच्या घरी वर्षातून एकदाच येतो आणि त्या दिवसापुरते आम्ही सगळे अर्थतज्ज्ञ होतो. आईचे मत होते की पैसे तसेच ठेवावेत. तिचे मत दरवर्षी हेच असते. धाकट्या भावाचे म्हणणे होते की होम थिएटर घ्यावे. त्याच्या एका मित्राच्या घरी पाच स्पीकर आणि एक भला मोठा डबा असलेला संच आला होता आणि त्यावर चित्रपट पाहताना हेलिकॉप्टर डोक्यावरून जाते, असे तो हात फिरवून दाखवी. मी म्हणाले, "आवाज चांगला असला तर काकूंचं लाटणं तरी वाचेल." आबा नेहमीप्रमाणे म्हणाले, "बरं, चांगलं हाय." आई एकटी पडली. घरात शिकलेली मीच, तेव्हा चौकशीचे काम माझ्याकडे आले. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला हे चुकत नाही. कॉलेजात आपण कोणताही विषय शिकत असलो तरी घरी आपल्याला विजेच्या बिलापासून साऊंड सिस्टीमपर्यंत सर्व विषयांचे पदवीधर धरले जाते.

मी चौकशीला लागले. ग्रंथालयात बसले, मोबाईलवर वाचले, शेजारच्या विज्ञान शाखेतल्या एका सरांना गाठून शंका विचारल्या. आपल्या चपट्या टीव्हीचा आवाज खराब का, याचे उत्तर सोपे निघाले. जुन्या पेटीसारख्या टीव्हीत स्पीकरला जागा होती आणि त्याचे तोंड बहुधा आपल्याकडे असे. नव्या टीव्हीची जाडी वितभरही नाही. त्यात स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे माणूस आपल्याशी बोलतो खरा, पण भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर आपटून जे परत येईल ते आपले.

'पाच पूर्णांक एक' या शब्दांचा अर्थही कळला. पाच स्पीकर कानांभोवती: समोर डावा, उजवा आणि मधला, आणि पाठीमागच्या बाजूला दोन. तो 'एक' म्हणजे सबवूफर. तो फक्त खालचे घुमणारे आवाज काढतो, म्हणून तो पुरा धरत नाहीत, दशांश चिन्हाच्या पलीकडे ठेवतात. चारी बाजूंनी आवाज देण्याची हौस जुनी आहे. १९४० साली डिस्नेच्या 'फँटेसिया' चित्रपटासाठी 'फँटासाउंड' नावाची खास व्यवस्था केली होती. आपल्याकडे १९७५ च्या 'शोले'ला ७० मिलिमीटरच्या पडद्यावर स्टीरिओफोनिक ध्वनी होता. डॉल्बीची अंकीय पद्धत १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून चित्रगृहात आली आणि पुढे घरात. आमच्याकडे 'डॉल्बी' म्हटले की लोकांना मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते. हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला हे मलाही ठाऊक नव्हते. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षे संयुक्त राष्ट्रांतर्फे सल्लागार म्हणून भारतातच होते. इथून गेल्यावर १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली. गंमत अशी की तिथून निघालेल्या ज्या पहिल्या शोधाने त्यांचे नाव झाले, तो आवाज मोठा करण्याचा नव्हता. ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याचा होता. ही गोष्ट तेव्हा मी वहीत नुसती टिपून ठेवली. तिचा उपयोग पुढे झाला.

मग मी खोली मोजली. स्पीकर कुठे ठेवावेत याचे आंतरराष्ट्रीय माप ठरलेले आहे. ऐकणाऱ्याला केंद्र मानले तर मधला स्पीकर सरळ नाकासमोर, डावा-उजवा त्याच्यापासून तीस-तीस अंशांवर आणि मागचे दोन एकशे दहा अंशांच्या आसपास, म्हणजे कानाच्या किंचित मागे. मी शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला. आबांच्या पिशवीत सुताचा गुंडा असतोच. तो घेऊन मी फरशीवर कोन आखू लागले. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा फुटांची. टीव्ही एका भिंतीला आणि समोरच्या भिंतीला आबांची कॉट. आबा भिंतीला टेकून बसतात, म्हणजे त्यांच्या डोक्यामागे एक उशी आणि मग भिंत. मागचे स्पीकर ठेवायला मागे जागाच नाही. उजवीकडचा एकशे दहाचा कोन बरोबर दारात येत होता, डावीकडचा आईच्या भांड्यांच्या मांडणीत. आई म्हणाली, "त्या जागेवर स्पीकर येणार असंल तर डबं मी कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?" भूमितीचे प्रमेय घरात सिद्ध होत नाही ते असे.

पण भावाचा उत्साह कोनाने कमी होण्यातला नव्हता. आम्ही दोघे बाजारात गेलो. पहिल्या दुकानात पाच स्पीकरांचा एक संच सहा हजारांना मिळत होता. खोक्यावर वॉटचा आकडा चार अंकी छापला होता. सरांनी मला बजावले होते की खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नकोस. 'पीएमपीओ' लिहिलेला आकडा म्हणजे क्षणभरासाठी कागदावर काढलेला आकडा. 'आरएमएस' कुठे लिहिले आहे ते शोध. मी खोके उलटे करून शोधले. तो आकडा बारीक अक्षरांत होता आणि मोठ्या आकड्याच्या मानाने अगदीच नम्र होता. मग मी दुसरा शिकवलेला प्रश्न विचारला, "यात डीकोडर आहे का? टीव्हीला जोडायचं कशानं?" विक्रेत्याने हेडफोनच्या पिनेसारखी एक बारीक वायर दाखवली. त्या वायरीतून डावा आणि उजवा असे दोनच आवाज येऊ शकतात. म्हणजे पाच स्पीकर आहेत खरे, पण त्यांना वेगवेगळे सांगायला काही नाही. तेच दोन आवाज पाच तोंडांनी बोलायचे. खरा पाच वाटांचा आवाज हवा असेल तर ऑप्टिकल वायर किंवा टीव्हीच्या मागे 'एआरसी' लिहिलेली एचडीएमआय जागा लागते, आणि पलीकडच्या संचाला तो आवाज सोडवता यावा लागतो. आमच्या टीव्हीला तशी एक जागा होती. पण आमच्या फुकटच्या डिशवरून येणारे कार्यक्रमही मुळात दोनच वाटांचे असतात, हे ऐकून भाऊ जरा खट्टू झाला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आबांना सुट्टी होती, म्हणून त्यांनाही सोबत घेतले. पैसे आईचे असले तरी घरात येणारी वस्तू आबांनी एकदा पाहावी, अशी आमच्याकडे रीत आहे. दुसरे दुकान मोठे होते. आत काचेची खोली होती आणि तिच्यात पाच स्पीकर अगदी मापात मांडलेले होते. विक्रेत्याने आबांना मधल्या खुर्चीत बसवले, दिवे मालवले आणि युद्धाचा एक प्रसंग लावला. गोळ्या डावीकडून उजवीकडे गेल्या, काहीतरी पाठीमागे कोसळले, फरशी थरथरली आणि भावाचे हेलिकॉप्टर खरोखरच डोक्यावरून गेले. माझ्याही अंगावर शहारा आला. खोटे कशाला बोलू, त्या क्षणी मला ते हवेसे वाटले; अंश, कोन, डबे सगळे विसरून हवेसे वाटले.

दिवे लागले. विक्रेत्याने विचारले, "कसं वाटलं काका?"

आबा खुर्चीतून उठत म्हणाले, "कारखान्यात उभं राहिल्यागत वाटलं."

विक्रेत्याला ती स्तुती वाटली आणि तो खूश झाला. मी मात्र तिथेच थबकले.

आमचे गाव इचलकरंजी. ज्याने यंत्रमागाच्या कारखान्यात पाऊल ठेवले आहे त्याला मी वेगळे सांगायला नको आणि ज्याने ठेवले नाही त्याला सांगून कळणार नाही. एका मागावर धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो आणि दर खेपेला दोन्ही टोकांना आपटतो. असे चार माग एका माणसाकडे आणि अशी कितीतरी माणसे एका पत्र्याखाली. आबा त्या आवाजात अठ्ठावीस वर्षे उभे आहेत. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, बारा तासांची पाळी. चारी बाजूंच्या आवाजासाठी लोक पैसे मोजतात. आबांना त्याची मजुरी मिळत होती.

त्या रात्री मी स्पीकरांविषयी वाचायचे सोडून कानांविषयी वाचायला घेतले. जुन्या पद्धतीच्या मागांच्या कारखान्यातला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास भरतो. अमेरिकेतल्या 'निऑश' या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला आठ तास काम करावे आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करावी. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे. मी हिशेब दोनदा तपासला. आबांच्या बारा तासांत अशी अठ्ठेचाळीस पंधरा मिनिटे बसतात.

कानाच्या आत, शंखासारख्या भागात, केसासारख्या अतिसूक्ष्म पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मरतानाही त्या एका क्रमाने मरतात. चार हजार हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर टिपणाऱ्या आधी जातात, खालचे स्वर टिपणाऱ्या पुष्कळ काळ टिकतात. याचा बोलण्याशी काय संबंध, तर आपल्या भाषेतले आ, ओ, ऊ हे स्वर खालचे आणि दणकट. आणि स, श, ख, फ, ट, त ही व्यंजने उंच आणि नाजूक. त्यामुळे अशा माणसाला कोणी बोलते आहे हे ऐकू येते, काय बोलते आहे ते कळत नाही. घरात वर्षानुवर्षे चाललेल्या कित्येक विनोदांचा अर्थ मला त्या रात्री लागला. भाजीवाला 'साठ' म्हणाला की आबा आठ रुपये काढून देत आणि आम्ही हसत असू. 'सात' म्हटले की आबा हात पुढे करीत. आणि आबा "ऐकू येतंय की मला!" असे म्हणत तेव्हा ते खोटे बोलत नव्हते. त्यांना आवाज ऐकू येतच होता.

आणखीही काही गोष्टी जुळत गेल्या. आबा मराठी मालिका नीट पाहतात, कारण तिथे माणसांचे चेहरे पडदाभर असतात. दक्षिणेकडचे हिंदीत उतरवलेले चित्रपट त्यांना आवडत नाहीत. "त्येंच्यात काय राम न्हाई" म्हणतात. क्रिकेटचा सामना तर ते आवाज बंद करून पाहतात. ही सगळी मला त्यांची आवडनिवड वाटत आली होती. पण आबा ओठ वाचत होते. मागाच्या कारखान्यात सगळेच वाचतात. तिथे बोलून उपयोग नसतो, म्हणून ओठ आणि हात बोलतात. इंग्लंडमध्ये लँकशायरच्या कापडगिरण्यांतल्या बायकांनी अशी ओठांची एक बोलीच तयार केली होती, तिला 'मी-मॉ' असे नावही होते. आमच्याकडे तिला नाव नाही, इतकेच. हिंदीत उतरवलेल्या चित्रपटात ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरेच; क्रिकेटचा समालोचक तर दिसतच नाही. मग आबांनी वाचायचे काय?

तेव्हा मी चौकशीची वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडली. प्रश्न तोच होता, दहा हजारांत कोणता संच घ्यावा. पण आता मला वेगळी उत्तरे हवी होती. चित्रपटातले संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमधून येतात. पाचांतला हा सर्वांत कमी मिरवणारा. त्यातून हेलिकॉप्टर जात नाही, गोळ्या सुटत नाहीत, माणसे बोलतात. कार्यक्रम दोनच वाटांचा असला तरी, डाव्या-उजव्यात सारखे असलेले बोलणे ओळखून ते मध्ये आणण्याची युक्ती १९८७ पासून घरगुती संचांत आहे. म्हणून मधला स्पीकर खराखुरा आणि आपल्याकडे तोंड केलेला हवा, ही माझी पहिली अट. दुसरी अट, आवाज वायरीने यावा, ब्लूटूथने नव्हे. ब्लूटूथने आवाज पुष्कळदा एक-दोन दशांश सेकंद मागे पडतो. तुम्हाआम्हाला ते खटकते, पण ओठ वाचणाऱ्याची त्याने पार दिशाभूल होते. तिसरी अट, सबवूफरचा घुमारा कमी करता यावा. खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, आणि भिंतीपलीकडे जातो तोही हाच. चौथी, बोलण्याचा आवाज तेवढा उठावदार करण्याची सोय असावी. रे डॉल्बींची टिपून ठेवलेली गोष्ट मला तेव्हा आठवली. खरखर कमी झाली की आवाज न वाढवताही ऐकू येते.

दहा हजारांत या अटींना पुरा पडणारा एक संच सापडला. लांबट साऊंडबार, ज्यात डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर स्वतंत्र, वेगळा सबवूफर, आणि वायरीने जोडायचे दोन मागचे स्पीकर. किंमत साडेनऊ हजार. मी विक्रेत्याला म्हणाले, "युद्ध नको. बातम्या लावा." त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिले. मग मी सबवूफर अगदी खाली करायला लावला आणि मागचे स्पीकर बंद. भाऊ म्हणाला, "मग राहिलं काय त्यात?"

पावसाळ्याचे दिवस होते. निवेदिका नद्यांच्या पातळ्या सांगत होती. आबा तिच्याकडे पाहतच नव्हते. दुकानाच्या दुसऱ्या भिंतीला लावलेल्या पंख्यांच्या किमती वाचत, टीव्हीकडे पाठ करून ते उभे होते. मी त्यांना वळवणार तोच ते पंख्याकडे पाहतच म्हणाले, "छत्तीस? म्हंजे इशाऱ्याला अजून तीन फूट हाय."

पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आहे, हे आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक असते. वजाबाकी बरोबर होती. मी आणि भाऊ एकमेकांकडे पाहत राहिलो. पाठ फिरवून ऐकलेला आकडा आबांनी बरोबर सांगितला, असे मी तरी पूर्वी कधी पाहिले नव्हते. भाऊच विक्रेत्याला म्हणाला, "हाच बांधा."

संच घरी आला. साऊंडबार टीव्हीखाली बसला, सबवूफर काकूंच्या भिंतीपासून दूरच्या कोपऱ्यात गेला. आवाजाची पट्टी बावीस-चोविसावर थांबू लागली. चौथ्या दिवशी काकू दारात येऊन विचारून गेल्या, "टीव्ही बंद पडला काय गं तुमचा?" मागचे दोन स्पीकर मात्र खोक्यातच माळ्यावर आहेत. आबांची रात्रपाळी असली की भाऊ ते उतरवतो, एक दारात आणि एक डब्यांवर ठेवतो आणि आवाज बारीक करून हेलिकॉप्टर फिरवून घेतो. आई डबे हलवू देते. मुलगा आहे शेवटी.

इथे लेख संपवता आला असता, पण या संचाने जेवढे केले तेवढेच सांगायला हवे. तो दहा बाय बाराच्या खोलीतच चालतो. आई आतून हाक मारते ती अजूनही आबांना कळत नाही. बाजारात 'साठ' अजून आठच आहे. म्हणून उरलेल्या पाचशे रुपयांतून तिकीट काढून मी आबांना सरकारी दवाखान्यात कान तपासायला घेऊन गेले. त्यांना बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून बारीक-मोठे सूर ऐकवले आणि ऐकू आला की हात वर करायला सांगितले. काचेतून मी पाहत होते. पहिल्या सुरांना आबांचा हात लगेच वर जात होता. मग सूर उंच होत गेले आणि हात मांडीवरच राहिला. ते उत्सुकतेने समोर पाहत राहिले, जणू अजून काही सुरूच झालेले नाही. कागदावर जो आलेख निघाला त्याची रेषा थोडी सरळ जाऊन चार हजारांपाशी कड्यावरून पडावी तशी पडली होती. श्रवणयंत्राने फायदा होईल असे सांगितले आहे. पुढची भिशी कशासाठी हे आता ठरलेले आहे आणि या वेळी आईचेही मत वेगळे नाही. कामावर जाताना आबा कानात बोळे घालतात. राहिलेले तरी राहावे.

दवाखान्यातून परतताना एसटीत बोलणे शक्य नव्हते. घरी आल्यावर मी टीव्ही न लावता त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि तो कागद समजावून सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "तुझी परीक्षा कधी हाय तलाठ्याची?"

मला काही उमजेना. चौकशी केली तेव्हा कळले ते असे: जूनमध्ये प्रवेश घेऊन आले त्या दिवशी दारात चपला काढता काढता, पाठमोरी, मी म्हणाले होते, "आबा, मराठी घेतलंय." आबा म्हणाले होते, "बरं, चांगलं हाय." त्यांनी 'तलाठी' ऐकले होते. पोरगी तलाठी व्हायला शिकते आहे, असे त्यांनी कारखान्यात ओठांनी आणि हातांनी सगळ्यांना सांगितले होते आणि आठ जणांना चहाही पाजला होता.

हसावे की रडावे मला कळेना. सहा महिने मी समजत होते की माझ्या निवडीला आबांची संमती आहे. आणि त्या सहा महिन्यांत मी त्यांच्याशी जे जे बोलले ते कधी दारातून, कधी आतून, कधी मोबाईलमध्ये मान घालून. आमच्या टीव्हीचे स्पीकर भिंतीकडे तोंड करून बोलतात म्हणून मी दुकाने पालथी घातली होती.

मी स्टूल पुढे ओढले, त्यांच्याकडे तोंड केले आणि सावकाश म्हणाले, "तलाठी नव्हे आबा. मराठी. मराठी विषय."

आबांनी माझे ओठ पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मराठी तर येतंय की आपल्याला. त्यात आणि काय शिकायचं?"

प्रश्न रास्त होता. त्या रात्री टीव्ही लागला नाही. मी जेवढे जमले तेवढे सांगितले आणि मध्ये मध्ये ते "काय म्हणालीस?" असे विचारत राहिले. पूर्वी ते असे विचारीत नसत.